राइड बंद, तिकीट मात्र पूर्ण
वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मे संपला, शाळा सुरू झाल्या आणि पत्रं आली. दरवर्षी जूनमध्ये तुम्ही शाळेची फी, रिक्षावाले काका, दप्तराचं ओझं असं विचारता, यंदा मात्र निम्म्याहून जास्त पत्रं थीम पार्कांवर आहेत आणि जवळपास सगळ्यांचं म्हणणं एकच, की एवढे पैसे भरून गेलो आणि जे दाखवलं होतं ते तिथे नव्हतंच. मला या जागा मनापासून आवडतात, ठाण्यात वाढले, टिकुजिनी वाडीच्या गेटशी शाळेच्या बसमधून उतरताना पोटात जे व्हायचं ते अजूनही होतं, म्हणून ही सगळी पत्रं एकत्र घेतलीयेत. ज्या पार्कांबद्दल तक्रार आहे त्यांची नावं छापलेली नाहीत, कारण त्यांची बाजू माझ्याकडे नाही.

प्रश्न: ताई, ऐरोलीहून लिहितेय. दोन वर्षांपूर्वी एका पार्कात गेलो होतो तेव्हा माझा मुलगा उंचीच्या पट्टीवर दोन सेंटिमीटर कमी भरला म्हणून त्याला मोठ्या रोलर कोस्टरवर बसू दिलं नाही. तेव्हापासून तो घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा करायचा. या मेमध्ये १४० पार झाला, मग चार ऑनलाइन तिकिटं काढली, पहाटे साडेपाचला निघालो, आणि पोचलो तर कोस्टरच्या तोंडाशी दोरी बांधलेली, मेंटेनन्सची पाटी. खिडकीवर विचारलं तर म्हणे तिकिटाच्या अटींमध्ये लिहिलंय, कुठलीही राइड कधीही बंद असू शकते. बाकी पण सगळं उतरलेलं वाटलं, रंग उडालेले, परेड नाही, पाण्याचे दोन कूलर कोरडे. मुलगा रडला नाही, नुसता गप्प बसला. पैसे परत मागता येतात का?

उत्तर: तो गप्प बसला हे वाचलं आणि मी पत्र जरा वेळ बाजूला ठेवलं. दोन वर्षं चौकटीवर खुणा करत होता पोरगा.

आधी एक गोष्ट पार्कच्या बाजूने. राइड बंद ठेवली याचा राग धरू नका. कोस्टर रोज सकाळी लोक आत यायच्या आधी तपासतात, रिकामी गाडी फिरवून बघतात, चाकं, ब्रेक, सीटचे लॉक, सेन्सर, आणि त्यातलं काही खटकलं तर ती बंदच ठेवायला पाहिजे, समोर कितीही लांबून आलेली माणसं उभी असली तरी. एखादा भाग परदेशातून यायचा असेल तर वेळ लागतो हेही खरं.

पण तुमची तक्रार ती नाहीच आहे. तुमची तक्रार ही आहे की तिकीट विकताना सांगितलं नाही. कोस्टर त्या दिवशी सकाळी बिघडला की आधीचे तीन आठवडे बंदच होता, हे आधी शोधून काढा, सगळं त्यावर आहे. सकाळी बिघडला असेल तर नशीब म्हणायचं आणि पुढच्या वेळचं एखादं तिकीट मागायचं. पण आधीपासून बंद असताना वेबसाइटवर त्याचाच फोटो सगळ्यात वर लावून पूर्ण पैसे घेतले असतील, तर ती दिशाभूल आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतली त्रुटी दोन्हीसाठी दाद मागता येते. अटींमधली ती ओळ त्यांच्या बाजूने आहे, नाही म्हणत नाही, पण ती ओळ छापली म्हणून सगळं माफ होत नाही.

आता काय करायचं ते. तिकिटाचा पीडीएफ, पैसे भरल्याचा मेसेज, वेबसाइटवरच्या त्या फोटोचा स्क्रीनशॉट (आजच काढा, उद्या बदलतील) आणि पाटीचा फोटो असेल तर तो, हे सगळं जोडून पार्कला ईमेल करा. फोनवर बोलू नका, फोनवरचं बोलणं हवेत जातं. ईमेलमध्ये एकच प्रश्न सरळ विचारा, राइड कोणत्या तारखेपासून बंद होती. आणि काय हवंय तेही स्पष्ट लिहा, म्हणजे चारही तिकिटांचे काही पैसे परत किंवा राइड चालू झाल्यावर सगळ्यांना पुन्हा प्रवेश. उत्तर आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, ज्याची तक्रार आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते, वकील लागत नाही, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि पार्क दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे जाता येतं, म्हणजे तुम्हाला ठाणे जिल्हा. मुदत २ वर्षं आहे, पण तेवढं थांबू नका.

आणि पुढच्या वेळी निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा की उद्या कोणत्या राइड बंद आहेत, आणि तेच ईमेलवर पण मागा. मुलाला सांगा, उंची काही कमी होत नाही.

प्रश्न: मी घणसोलीत राहतो, आयटीत आहे. लहानपणापासून डिस्नेच्या पार्कांचा फॅन आहे, अजून एकदाही गेलो नाही, पण नकाशे पाठ आहेत. आई-बाबा आणि मुलीला घेऊन फ्लोरिडाला जायचं म्हणून चार वर्षं पैसे साठवतोय. पण तिकडचे जुने चाहते खूप नाराज दिसतात, दर्जा घसरला, वचनं पाळत नाहीत म्हणतात. हे नुसतं कुरकुरणं आहे की खरंच तसं आहे? जावं का?

उत्तर: खरंच तसं आहे, बऱ्याच बाबतीत. आणि जावं. दोन्ही.

तुम्ही फॅन आहात तर यतीची, म्हणजे हिममानवाची, गोष्ट तुम्हाला माहीतच असेल, पण बाकी वाचकांसाठी सांगते कारण सगळं दुखणं त्या एका यतीत आहे. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडममध्ये २००६ साली एक्स्पिडिशन एव्हरेस्ट नावाचा कोस्टर सुरू झाला. हिमालयातलं गाव, चहाची गोदामं, देवळं, सगळं इतक्या प्रेमाने बनवलेलं की आपल्यालाही ओळखीचं वाटावं, आणि शेवटी अंधारात एक अवाढव्य यती गाडीवर झेप घ्यायचा, खरोखर हलणारा, हात मारणारा. काही काळातच तो बंद पडला. तेव्हापासून तो एका जागी उभा आहे आणि त्याच्यावर भगभग लाइट मारतात म्हणजे तो हलतोय असा भास होतो. चाहते त्याला डिस्को यती म्हणतात. ज्यांनी ती राइड डिझाइन केली त्या जो रोडी यांनी चाहत्यांसमोर जाहीरपणे सांगितलं होतं की मी एक दिवस यती दुरुस्त करीन. २०२१ च्या सुरुवातीला ते कंपनीतून निवृत्त झाले. यती तसाच.

आता बघा, त्या राइडला रांग आजही लागते. यती हलो न हलो, तिकीट तेवढंच विकलं जातं, मग डोंगराच्या पोटातलं यंत्र बाहेर काढायला पैसे कोण खर्च करणार? नवीन राइडची जाहिरात करता येते, तिचं उद्घाटन करता येतं. जुनी राइड नीट चालत्ये याची जाहिरात कोणी करत नाही. म्हणून पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री तेल-पाण्याला, रंगाला, दिव्यांना लागते आणि ते कळतं फक्त त्याला जो दुसऱ्यांदा येतो. एकदाच येणाऱ्या माणसाला माहीतच नसतं की इथे काहीतरी हलायचं. म्हणून जुने चाहते आधी ओरडतात. मी त्यांना कुरकुरे म्हणणार नाही, घरातली गळती सगळ्यात आधी त्या घरात राहणाऱ्यालाच दिसते.

वचनांचं पण तसंच. ट्रॉन कोस्टरची घोषणा २०१७ मध्ये झाली, फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डच्या ५० व्या वर्षासाठी म्हणजे २०२१ साठी, उघडला एप्रिल २०२३ मध्ये. मध्ये कोविड होता, मान्य. पण तिथल्याच एपकॉट पार्कमध्ये मेरी पॉपिन्स सिनेमावरची राइड येणार असं २०१९ मध्ये चाहत्यांच्या मोठ्या मेळाव्यात टाळ्या घेऊन सांगितलं होतं, ती आलीच नाही. स्टार वॉर्स सिनेमांवरून बांधलेल्या गावात तुम्ही राइडमध्ये यान कसं चालवलं त्यावरून तिथली माणसं तुमच्याशी वागतील असं उघडायच्या आधी सांगितलं होतं, गाव २०१९ ला उघडलं, सुंदर आहे, पण ते वागणं काही आलं नाही. आणि जे आधी फुकट होतं त्याला पैसे लागले, रांग टाळायचा फास्टपास १९९९ पासून तिकिटातच यायचा, २०२१ मध्ये तो काढून त्याजागी विकत घ्यायची सोय आणली, विमानतळावरून हॉटेलला नेणारी मोफत बस २०२२ च्या सुरुवातीला बंद केली. चार माणसांचं बजेट करताना हे धरा, नाहीतर तिकडे जाऊन रोज सकाळी मोबाइलवर हिशोब करत बसाल आणि आई-बाबा बाकावर बसून राहतील.

एक सुचवू का? टोकियोचा पण विचार करा. तिथली पार्क डिस्नेच्या मालकीची नाहीत, ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी ती चालवते आणि डिस्नेला रॉयल्टी देते. टोकियो डिस्नेलँड १९८३ चं, डिस्नेसी २००१ चं, आणि जगभरचे चाहते तिथल्या निगराणीचं नाव काढतात. गोष्टी त्याच, पात्रं तीच, झाडू मारणारा हात वेगळा. आपल्याकडून जवळ पण आहे. फ्लोरिडाच करायचं असेल तर यती बघायला जाऊ नका, ते गाव आणि त्यातून जाणारी रांग बघायला जा, मुलीला चहाच्या गोदामातल्या किटल्या दाखवा.

प्रश्न: ताई मी खारघरला राहते, इंजिनीअरिंगला आहे. आम्ही मैत्रिणींनी एका पार्कचा वार्षिक पास काढला, पूर्ण वर्षभर कधीही या असं लिहिलं होतं. आता शनिवार-रविवार बुकिंगच मिळत नाही, कॅलेंडर लाल. पण त्याच दिवसाचं साधं तिकीट विकत मिळतंय! हे असं कसं?

उत्तर: अगं हे असंच्या असं अमेरिकेत झालंय, कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडला. २०२१ मध्ये त्यांनी ड्रीम की नावाचा पास आणला, १३९९ डॉलर, त्यावर एकही दिवस बंद नसेल असं सांगितलेलं. लोकांनी घेतला आणि बघतात तर काही तारखांना पासवाल्यांच्या जागा संपलेल्या, साधी तिकिटं मात्र चालू. एक बाई कोर्टात गेल्या. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण २०२३ मध्ये ९५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. पासवाले लाखाच्या आसपास होते, वकिलांची फी आणि खर्च वजा जाता माणशी सत्तर डॉलरच्या आत आले हातात. रक्कम छोटी आहे, पण मला त्यातली गोष्ट आवडते ती ही की त्या बाईंनी दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवावेत इतकं ते सरळ होतं.

तेच तुम्ही करा. एकाच तारखेला, एकाच मिनिटाला, पासचं लाल कॅलेंडर आणि साध्या तिकिटाचं पान, दोन्हीचे स्क्रीनशॉट, असे चार-पाच शनिवार. पास घेताना जी जाहिरात होती ती पण. सगळ्या मैत्रिणींनी एकत्र सही करून ईमेल करा. बाकी रस्ता वर ऐरोलीच्या ताईंना सांगितलाय तोच.

प्रश्न: वेबसाइटवर एक किंमत, पेमेंटच्या पानावर टॅक्स आणि सुविधा शुल्क, गेटवर लॉकर, आत नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यायची सक्ती. हे चालतं का? (वाशी)

उत्तर: जी रक्कम भरल्याशिवाय आत जाताच येत नाही ती सुरुवातीलाच दिसली पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांबद्दल, नियम काढले, १३ प्रकार सांगितलेत, त्यात ड्रिप प्रायसिंग म्हणजे किंमत अशी थेंबाथेंबाने वाढवत नेणं पण आहे. लॉकर ऐच्छिक असेल तर त्यांचा मामला, पण कपडे सक्तीचे असतील तर ते तिकिटाच्या शेजारी लिहायला हवेत. १९१५ वर सांगा.

प्रश्न: आमच्या सोसायटीजवळ पालिकेची मोठी बाग आहे, उद्घाटन झालं तेव्हा टॉय ट्रेन, कारंजी, लाइट शो, काय काय होतं. वर्षभरात ट्रेन बंद, कारंज्यात शेवाळ. नगरसेवकांना सांगून झालं. पार्कचं तिकीट परवडत नाही अशा घरातली मुलं इथेच येतात हो. काय करायचं?

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शंभर रुपयांच्या आत संध्याकाळ होते अशी ती एकच जागा, तिथलीच ट्रेन गंजत पडते.

तोंडी सांगणं आता बास. माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "ट्रेन कधी सुरू होणार" असं विचारू नका, त्यावर "लवकरच" असं उत्तर येतं आणि विषय संपतो. कागद मागा. ट्रेन आणि कारंज्याच्या देखभालीच्या कंत्राटाची प्रत, मुदत कधीपर्यंत आहे, गेल्या १२ महिन्यांत ठेकेदाराला किती बिलं दिली, ट्रेन बंद असलेल्या दिवसांचा दंड कापला का. बऱ्याचदा कळतं की ट्रेन घ्यायला पैसे होते पण चालवायला तरतूदच केली नव्हती, आणि ते कागदावर आलं की मग बोलता येतं, बजेटच्या आधी प्रभाग कार्यालयात दहा आयांनी तो कागद घेऊन जायचं. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, सोडू नका.

प्रश्न: मी नौपाड्यात राहतो, वय ७१. मुलांना घेऊन एस्सेलवर्ल्डला जायचो. आता नात विचारते आजोबा तसं कुठे आहे, तर मी सांगतो तसं आता कुठेच राहिलं नाही. मुलगा म्हणतो बाबा तुम्हाला जुनं सगळंच चांगलं वाटतं. कोण बरोबर?

उत्तर: काका, नमस्कार. एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं तेव्हा आपल्याकडे लोकांनी जत्रेतला पाळणा पाहिला होता, फार तर चौपाटीवरचं मेरी-गो-राउंड. त्यामुळे ठाण्याहून घोडबंदरने बोरिवली, मग गोराईची लाँच, खाडीचा वास, समोरून दिसणारे पाळणे, हे सगळंच नवीन होतं, तो आनंद परत कुठल्याच पार्कला देता येणार नाही कारण तो पहिल्यांदाचा होता. तेवढ्यापुरता मुलगा बरोबर. पण तुम्ही पण चूक नाही. आता तिथले पाळणे थांबलेत आणि तुमच्या मुलांच्या वयाच्या अख्ख्या पिढीची सहल गेली, ती काही आठवणीची गंमत नाही, ते खरंच गेलंय. नातीला लाँचमध्ये बसवा एकदा. गोराईची फेरी चालू आहे.

प्रश्न: मी कळव्याला राहते, सहावीत आहे. माझ्या बाबांबरोबर पार्कला गेले तेव्हा एक डायनासोर मान हलवत नव्हता आणि त्याच्या आतून आवाज येत होता. मला मोठी झाल्यावर तो दुरुस्त करणारी व्हायचंय. राइड बनवणारी नाही, दुरुस्त करणारी. काय शिकू?

उत्तर: बाळा, या महिन्याचं सगळ्यात छान पत्र तुझं.

बारावी सायन्स करून मेकॅनिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीअरिंग करता येतं, दहावीनंतर डिप्लोमा करता येतो, आणि आयटीआयमध्ये फिटर आणि इलेक्ट्रिशियन हे ट्रेड आहेत, राइडला रोज हात लावणारी बरीच माणसं तिथूनच येतात. गणित सोडू नकोस. आत्तापासून करायचं तर घरातली सायकल उलटी करून चेन काढून परत लाव, काळे हात झाले तरी चालतील, आईला मी सांगितलंय म्हण. त्या डायनासोरचं सांगायचं तर आवाज येतोय म्हणजे बहुतेक आतली मोटर किंवा हवेचा पंप जिवंत आहे आणि पुढे कुठेतरी जोड सुटलाय किंवा नळी फुटलीये. म्हणजे तू बरोबर ठिकाणी कान लावलास.

कोस्टरची गाडी बघशील तेव्हा चाकं मोज. रुळाच्या वर चाकं असतात, बाजूला असतात आणि रुळाच्या खाली पण असतात, म्हणून गाडी उलटी झाली तरी सुटत नाही. खोपोलीच्या इमॅजिकातली नायट्रो ज्या बोलिगर अँड मॅबिलार्ड या स्विस कंपनीने बनवलीये त्यांच्या गाड्यांनाही तशीच तीन बाजूंनी चाकं असतात, आणि ती झिजली की बदलणारं कुणीतरी लागतं. आणि बऱ्याच कोस्टरवर चढ चढताना खट-खट-खट आवाज येतो ना, तो बिघाडाचा नाही. गाडीखाली एक खुंटी असते, ती दातेरी पट्टीवर एकेक दात पुढे पडत जाते, म्हणजे साखळी तुटली तरी गाडी मागे घसरणार नाही. पुढच्या वेळी डोळे मिटून तो आवाज ऐक, मध्येच एखादा खट चुकतो का बघ, आणि मला लिहून कळव.